नवमीची गार्डन पार्टी

शुभांगीताई भामरे यांना राग यायला कारण लागत नाही, असं कॉलनीत बोललं जायचं. हे साफ खोटं आहे. त्यांच्या प्रत्येक रागाला कारण असायचं आणि विचारणाऱ्याला ते मुद्देसूद सांगायची त्यांची तयारीही असायची. विचारायला कुणी थांबत नसे, हा त्यांचा दोष नव्हे. सगळी नोकरी सरकारी लेखा विभागात झालेली. कारणाशिवाय काही करायची त्यांना सवयच नव्हती. कारणाशिवाय वागणारी माणसं कॉलनीत वेगळीच होती. ती रोज सकाळी ओपन स्पेसमध्ये गोल करून उभी राहायची, हात आभाळाकडे न्यायची आणि हसायची. आधी हा-हा-हा, मग हो-हो-हो, शेवटी पोट धरून. विनोद कुणीच सांगितलेला नसायचा.

तर या हास्यक्लबाला वाचनालयाची खोली हवी होती.

खोली म्हणजे ओपन स्पेसच्या कोपऱ्यातल्या चार भिंती. शुभांगीताईंचे सासरे तुळशीराम भामरे यांनी तिथे वाचनालय काढलं होतं. ते गेल्यावर त्यालाच त्यांचं नाव लागलं आणि चिटणीसपद सुनेकडे आलं. मे महिन्यातल्या वादळात खोलीवरचे पत्रे उडाले. एक तर थेट शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. पुस्तकं तेवढी बचावली. ती भामऱ्यांच्या घरी आली आणि तिथेच राहिली. पलंगाखाली प्रवासवर्णनं, माळ्यावर आत्मचरित्रं, फ्रीजला टेकून बालवाङ्मय. शुभांगीताईंचे यजमान शेखरराव यांना आंघोळीला जायचं तर ऐतिहासिक कादंबऱ्यांचे दोन ढीग ओलांडावे लागत. ते तक्रार करत नसत. ओलांडताना फक्त ‘हर हर महादेव’ म्हणत.

पाऊस सरत आला तसं ज्या कार्यालयाच्या मालकीची ती खोली होती तिथून पत्र आलं. घटस्थापनेच्या आत स्वखर्चाने छत घाला, नाहीतर खोली दुसऱ्या गरजू संस्थेला देण्यात येईल. गरजू संस्था म्हणजे हास्यक्लब. हे वाचून शुभांगीताई तडक त्या कार्यालयात गेल्या. तिथल्या तरुण कारकुनाने मान वर न करता विचारलं, “जावक क्रमांक?” आता, हा प्रश्न शुभांगीताईंनी स्वतः उभ्या नोकरीत असंख्य लोकांना विचारला होता. पण तो आपल्याला विचारला जाणं ही निराळी गोष्ट. त्यांनी जावक क्रमांक सांगितला. मग त्याने आवक क्रमांक विचारला. तोही सांगितल्यावर म्हणाला, “साहेब साइटवर आहेत.” तीन हेलपाटे झाले तरी साहेब साइटवरच होते. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे यायचं कशाला? छत घाला, विषय संपला.” एवढं सांगायला माणसाला साइटवर कशाला जावं लागतं, हे शुभांगीताईंना आजही कळलेलं नाही.

कॉलनीची मीटिंग झाली. हास्यक्लबाचे अध्यक्ष कोंडाजीअण्णा गांगुर्डे उभे राहिले. एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे माइक नको म्हणाले आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेले.

“मॅडम, पुस्तकं काय, घरात बी राहत्यात. हसायला मात्र मोकळी जागा लागती. पावसात आमची लय आबाळ होते.”

“पावसात हसू नका,” शुभांगीताई म्हणाल्या.

यावर सगळा क्लब हसला. पहिल्यांदाच कारण होतं आणि ते नेमकं त्यांनीच पुरवलेलं, याचा त्यांना इतका संताप आला की तिथल्या तिथे त्या बोलून गेल्या, “छताचे पैसे मी उभे करते. घटस्थापनेच्या आत. नाही झाले तर खोलीची किल्ली स्वतः अण्णांच्या हातात देईन.”

बोलून झाल्यावर त्यांनी शेखररावांकडे पाहिलं. शेखरराव पंख्याकडे बघत होते.

पैसे उभे करायचे म्हणजे मागायचे, आणि मागणं हे भामऱ्यांच्या घरात बसत नव्हतं. शुभांगीताईंचं माहेरही दिंडोरीकडचं, तसंच ताठ. गणपतीची वर्गणी नुकतीच होऊन गेली होती आणि वर्गणी मागायला आलेल्या पोरांना त्यांनी दारात उभं करून पावतीवर नोंदणी क्रमांक का नाही, असं विचारलं होतं. आता त्याच दारांवर आपण जायचं? मग बंगळुरूच्या भाचीने, वैष्णवीने, फोनवर तोडगा काढला.

“मावशी, गार्डन पार्टी कर. लिटररी. हिरवळीवर कवी, मंद म्युझिक, हातात घेऊन खायचं काहीतरी. आमच्या इथे लोक आपणहून देतात. मागावं लागतच नाही.”

‘मागावं लागतच नाही’ हे तीन शब्द शुभांगीताईंना फार सुसंस्कृत वाटले.

जागेचा प्रश्न गोटीरामने सोडवला. गोटीराम पगार हा त्यांचा मामेभाऊ. द्राक्षबागेतला निम्मा तुकडा मोडून त्याने दिंडोरी रोडला लग्नाचं लॉन काढलं होतं. तो म्हणाला, “ताई, पंधरा दिवस लॉन नुसतं पडून हाय. पितरांमधी कोण लगीन लावतंय? घे की तसंच. एक पैसा नको मला.”

गणपती आणि घटस्थापना यांच्या मधला पंधरवडा म्हणजे पितृपक्ष, हे शुभांगीताईंना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते मान्य नव्हतं. शेजारच्या मीनाताई खास ते सांगायला आल्या. मीनाताईंचा सल्ला नेहमी दारातच सुरू व्हायचा आणि स्वयंपाकघरात संपायचा. “अहो, पितृपक्षात पार्टी? माझ्या नणंदेने त्या दिवसांत नुसता मिक्सर घेतला तर तो जळला.” तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की करायचीच असेल तर निदान सोमवती बघा. वॉचमननेसुद्धा एक मत दिलं. शुभांगीताईंनी सगळ्यांना एकच विचारलं, “पितर काय येऊन खुर्च्या अडवणार आहेत?”

निमंत्रणाचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. पैशाचा उल्लेख कुठे आणि कसा करावा यावर दोन संध्याकाळी गेल्या. ‘देणगी’ म्हणजे हात पसरल्यासारखं. ‘सहकार्य’ म्हणजे पोलिसांच्या पाटीसारखं. ‘यथाशक्ती’मध्ये समोरच्याची शक्ती काढल्यासारखं होतं. शेवटी त्यांनी तो विषयच वगळला आणि लिहिलं, ‘आपली उपस्थिती हीच मोलाची.’ मराठीचा अभिमान म्हणून तारखेबरोबर तिथी घातली, भाद्रपद वद्य नवमी. वैष्णवीच्या सांगण्यावरून शेवटी ‘शक्यतो पांढरा अथवा फिकट पोशाख असावा’ अशी ओळ आली. निमंत्रक म्हणून ‘समस्त भामरे परिवार’. आणि सगळ्यात वर, ठसठशीत, कै. तुळशीराम भामरे. वाचनालय हा शब्द पुढच्या ओळीत गेला, कारण या ओळीत मावला नाही.

शेखररावांनी ते दोनदा वाचलं. “शुभा, यात पैशाचं कुठंय?”

“सुज्ञ माणसाला कळतं.”

“आणि बाकीच्यांना?”

शुभांगीताईंनी मसुदा पाकिटात घातला. नवऱ्याच्या प्रत्येक शंकेला उत्तर द्यायला लागलं तर बाईमाणसाने वाचनालयं चालवायची कधी?

नवमीच्या दिवशी सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. दुपारी ऊन पडलं, पण हिरवळ ओलीच होती. शुभांगीताई मोतिया रंगाची साडी नेसून रिक्षातून लॉनच्या गेटवर उतरल्या आणि जागीच थिजल्या. गेटवर अख्ख्या कमानीएवढा फ्लेक्स होता. मधोमध सासऱ्यांचा फोटो, दोन्ही बाजूंना पेटत्या समया, खाली कमळ, मागे निळं आभाळ आणि त्यात ढगांमधून येणारे किरण. ‘साहित्य स्नेहमेळावा’ ही अक्षरं कमळाच्या देठापाशी होती.

“गोटीराम! हे काय आहे?”

“लय भारी झालंय ना, ताई? फ्लेक्सवाल्याकडं या पंधरवड्यात हेच एक डिझाईन चालू हे. म्या म्हटलं, दादांचा फोटो बी मोठा टाक. उगं कंजूषपणा नको.”

आत स्टेजजवळ टेबलावर त्याच फोटोची फ्रेम होती, तिला झेंडूचा हार होता आणि पुढे उदबत्ती. त्या फोटोशेजारीच शुभांगीताईंनी लोकांनी आपणहून पैसे टाकावेत म्हणून पितळेची नक्षीदार घागर ठेवायला सांगितली होती. घागर जागच्या जागी होती. तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिणं म्हणजे पुन्हा मागणंच की.

लोक मात्र आले. हे मान्यच करायला हवं, की इतके लोक शुभांगीताईंनी एखाद्या साहित्यिक कार्यक्रमाला कधी पाहिले नव्हते. सगळी कॉलनी आली, हास्यक्लब झाडून आला, गोटीरामची दिंडोरीकडची भावकी आली. पुरुष पांढऱ्या टोपीत, बायका फिक्या साड्यांत आणि डोक्यावर पदर. कुणी हसत नव्हतं. हास्यक्लबसुद्धा नाही. एकेक जण फोटोपाशी जायचा, चप्पल काढायचा, हात जोडायचा आणि दोन फुलं घेऊन घागरीत टाकायचा. अर्ध्या तासात घागर झेंडूने काठोकाठ भरली.

मीनाताईंनी येऊन शुभांगीताईंचा हात हातात घेतला. “किती वर्षं झाली हो दादांना?”

“अठरा.”

“तरी एवढं करता सासऱ्यांचं! आजकाल कोण करतं?”

शुभांगीताई काहीतरी सणसणीत बोलणार होत्या, एवढ्यात भटारखान्याकडून वास आला. मिसळीचा नव्हे. त्या तिकडे धावल्या. केरूभाऊ आचाऱ्याला त्यांनी कोथिंबीर वडी, सँडविच, छोट्या वाट्यांत मिसळ आणि कॉफी असं स्पष्ट सांगितलं होतं. केरूभाऊंच्या पातेल्यांत तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, लाल भोपळा आणि आमसुलाची चटणी होती.

“केरूभाऊ, मिसळ?”

केरूभाऊंनी कानाला हात लावला. “ताई, सकाळपून तीन घरची पानं करून आलोय. पितरांच्या दिवसात मी कढईला कांदा-लसूण लागू देत नाय. आन् गेटवर फोटो पाहिला, तवाच समजलो.” मग त्यांनी केळीचं वाढलेलं एक पान पुढे केलं. “कावळ्याचं कुठं ठेवू?”

या प्रश्नाला सुसंस्कृत उत्तर काय असतं? शुभांगीताईंनी नुसतंच त्यांच्याकडे पाहिलं. केरूभाऊंनी ते संमती समजून पान कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवलं.

तोवर संगीत सुरू झालं होतं. सुनील पेटीवाल्याला भावगीतांसाठी बोलावलं होतं. त्याने फोटो पाहिला, टाळकरी दोघं दिसले त्यांना खुणेने बसवून घेतलं आणि माणसाच्या नश्वर देहावरचं एक भजन लावलं. ते संपलं तेव्हा पुढच्या ओळीतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. “मंद हवं म्हणाला होतात ना, ताई,” तो अभिमानाने म्हणाला.

शुभांगीताईंचा सगळा भरवसा आता कवीवर होता. रुद्र गायधनी, गंगापूर रोडचा, नव्या पिढीचा, छापून येणारा. तो एकटाच निळा झब्बा घालून आला होता, कारण त्याने निमंत्रण शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. ओल्या हिरवळीत माइकचा स्टँड एका बाजूला खचला होता, तेव्हा तोही तसाच थोडा तिरका उभा राहिला आणि स्वतःच्या रिकाम्या खोलीवरची एक लांब कविता वाचू लागला. पहिल्या कडव्यातच शुभांगीताईंच्या ध्यानात आलं की श्रोते कवीकडे बघत नाहीयेत. सगळ्यांच्या माना कंपाउंडच्या भिंतीकडे होत्या. भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता आणि पानाकडे पाठ करून दिंडोरी रोडची रहदारी बघत होता.

“शिवंना,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“दादांचं काहीतरी राह्यलंय मनात.”

रुद्रची खोली अधिकाधिक रिकामी होत चालली. गोटीराम पायातलं काढून भिंतीपाशी गेला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, “दादा, ताईला आम्ही काय बी कमी पडू देणार नाय. तुम्ही या!” कावळा वळला, वडा उचलला आणि उडाला. लॉनभर सुटकेचा निःश्वास पसरला. हास्यक्लबाने तर सवयीने टाळ्या वाजवल्या. नेमका त्याच क्षणी रुद्र शेवटच्या ओळीवर आला होता. त्याने लवून नमस्कार केला आणि डोळे भरून आल्यामुळे आणखी एक कविता वाचली.

“अहो,” शुभांगीताई दातओठ खात शेखररावांना म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचं श्राद्ध घातलंय या लोकांनी.”

“चांगलं केलंय,” शेखरराव म्हणाले. त्यांच्या हातात खिरीची दुसरी वाटी होती. “आपण या वर्षी विसरलोच होतो.”

जेवणं झाली. लोक आता उठणार, घरी जाणार, आणि छताचं काय? घागरीत झेंडू. घटस्थापना तोंडावर. शुभांगीताई ‘दोन शब्द’ बोलायला उठणार, तर त्यांच्या आधी कोंडाजीअण्णा माइकवर पोचले. अण्णा म्हणजे गोदाघाटावरच्या प्रत्येक दशक्रियेला श्रद्धांजली वाहणारे वक्ते. मोठी माणसं जमली, समोर हार घातलेला फोटो आहे आणि अण्णा बोलले नाहीत, असं आजवर झालेलं नव्हतं.

“कैलासवासी तुळशीरामदादांना मी लय जवळून ओळखत होतो,” अण्णांनी सुरुवात केली.

अण्णा कॉलनीत राहायला आले त्याच्या आधी सासऱ्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. दादा कसे प्रेमळ होते, कसे मिशीत हसायचे, हे अण्णा सांगत राहिले. दादांना मिशी नव्हती. फोटोत दिसतच होतं. मग अण्णांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. शुभांगीताईही उभ्या राहिल्या. पाय आपोआप उठले, आणि स्वतःच्या पायांचाही त्यांना त्या दिवशी मनस्वी राग आला.

“शांती शांती. बसून घ्या. आता दादांच्या स्मरणार्थ,” अण्णांनी आवाज उंच केला, “भामरे परिवाराच्या वतीनं कॉलनीच्या हास्यक्लबाला दोन सतरंज्या भेट देण्यात येत आहेत. परिवाराचे आभार!”

दशक्रियेत घरच्यांनी दान जाहीर करायचं असतं आणि घरच्यांना सुचलं नाही तर वक्त्याने सुचवायचं असतं, ही रीत सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शुभांगीताई ओल्या हिरवळीतून तरातरा चालत माइकपाशी गेल्या तेव्हा. त्यांची एक चप्पल मागे चिखलातच राहिली होती.

“खाली बसा, अण्णा,” त्या म्हणाल्या. अण्णा बसले. “हे श्राद्ध नाही! इथे कुणी गेलेलं नाहीये. म्हणजे गेलेत, अठरा वर्षांपूर्वी, पण आजचा कार्यक्रम त्याचा नाही. ही गार्डन पार्टी आहे!”

लॉनवर कुणी हललं नाही. मीनाताईंनी शेजारणीला हळूच सांगितलं, “धक्का बसलाय. होतं असं.”

“वाचनालयाला छत नाहीये,” शुभांगीताईंचा आवाज आता चिरकू लागला होता. “दादांनी जमवलेली पुस्तकं माझ्या पलंगाखाली आहेत. मला पैसे हवेत. मागतेय मी, ऐकू आलं का? आयुष्यात पहिल्यांदा मागतेय. छताला पैसे द्या!”

एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते लोकांना दिसू नये म्हणून त्या आणखीच रागाने बघत होत्या. मग मागच्या ओळीतून एक अगदी समजूतदार आवाज आला, “द्यायचे की, मॅडम. पण नवं काम आहे. पितरांत नव्या कामाला पैसा कसा काढायचा? घटस्थापना झाली की बघू.”

“हो ना, घट बसले की,” आणखी चार जण म्हणाले. माना डोलल्या. सगळ्यांचं अगदी एकमत होतं.

“घट बसले की खोली जाईल!” शुभांगीताई ओरडल्या. “ज्याच्या नावाने तुम्ही आत्ता गवार खाल्लीत, खीर ओरपलीत, त्याच्या नावाने एक पत्रा घालायचा म्हटलं की पितर आडवे आले? कावळ्याला वडा चालतो आणि मेलेल्या माणसाच्या नावाचा पत्रा चालत नाही?”

याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या माइकपासून वळल्या. पहिल्या ओळीत कोंडाजीअण्णा पुन्हा उभे राहिले होते. टोपी हातात होती. तो कंट्रोलरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, कारण शेजारी असूनही शुभांगीताईंना नीट ऐकू आलं नाही.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, नावानं पत्रा लावता येतो का, मॅडम?”

“कुणाच्या नावाने?”

“आमच्या मंडळीच्या. कलाबाईच्या.” अण्णा टोपी चाचपत राहिले. “आज नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांची तिथी. सून पुण्याला, तिकडं कोण करतंय? म्या सकाळी कुकर लावला, तो बी करपला. म्हणून इथं आलो. तुमच्याकडं खीर हाये म्हणल्यावर म्हटलं, एक पान तिच्या बी वाट्याचं झालं.”

शुभांगीताईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“तिला वाचता येत नव्हतं. म्या रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचो अन् ती भाकरी थापता थापता हसायची. मंत्री काय बोलला की हसायची, भाव वाढला तरी हसायची. अन् ती हसली का मी बी हसायचो. ती होती तवर मला हसायला क्लब लागला नाय, मॅडम.” अण्णांनी नाक पुसलं. “माझा पत्रा खिडकीजवळचा ठेवा. तिला उजेड लागायचा.”

आणि मग जे सुरू झालं ते आवरता आवरेना. नव्या छताला कुणी पैसा काढणार नव्हतं, पण आपल्या माणसाच्या नावाला या पंधरवड्यात नाही म्हणायचं कुणी? गोटीराम पुढे आला, त्याला वडिलांचा, आबांचा पत्रा दारावरच हवा होता. आबांना येणारं-जाणारं माणूस दिसलं पाहिजे. मीनाताईंनी सासूबाईंचा पत्रा सांगितला आणि तो थोरल्या जाऊबाईंच्या पत्र्याशेजारी येता कामा नये, अशी अटही घातली; हयातीत त्यांचं पटलं नव्हतं. केरूभाऊ झारा घेऊनच आले. रुद्र गायधनीने विचारलं, “अर्धा पत्रा मिळतो का?” शेखरराव एका हातात वाटी आणि एका हातात पेन घेऊन नावं उतरवू लागले. संध्याकाळ होईतो छतापेक्षा पितर जास्त झाले, आणि उरलेल्यांसाठी पुढे एक पडवी काढायची, असं तिथल्या तिथे ठरलं.

शुभांगीताई खुर्चीत एका पायात चप्पल घालून बसल्या होत्या. सगळं त्यांच्या मनासारखं झालं होतं आणि एकही गोष्ट त्यांनी ठरवली तशी झाली नव्हती. ती गार्डन नव्हती, ती पार्टी नव्हती, साहित्य कावळ्याने नेलं होतं. त्यातून ज्याच्यावर हक्काने संतापावं असा कॉलनीत एकच माणूस होता, तर त्यानेही असं काही सांगून ठेवलं की आता त्याच्यावर चिडायचं तरी कसं? हा सरळसरळ अन्याय होता.

घटस्थापनेच्या आधी छत झालं. पत्र्यांवर आतल्या बाजूने नावं रंगवली. पेंटरने ती चांगली मोठी काढली. हास्यक्लबाने आपला अर्ज मागे घेतला. शुभांगीताईंनी पुस्तकं परत नेली आणि दारात ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली, कारण वाचनालय म्हटलं की शिस्त पाहिजे.

कोंडाजीअण्णा रोज सकाळी क्लब सुटला की येतात. खिडकीजवळच्या पत्र्याखालची खुर्ची धरतात, पेपर उघडतात आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागतात. मंत्री काय बोलला, कांद्याचा भाव काय फुटला, सगळं. मध्येच थांबून वर बघतात.

परवा मीनाताई वैतागून चिटणीसांच्या टेबलाशी आल्या. “शुभांगीताई, ही पाटी फक्त आम्हाला आहे का? त्यांना जरा मनातल्या मनात वाचायला सांगा की.”

शुभांगीताईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. कॉलनीत सगळ्यांना ओळखीचा होता तसाच.

“मनातल्या मनात वाचलं तर कलाबाईंना ऐकू कसं जाईल?” त्या कडाडल्या. “तुम्ही तुमची खुर्ची सरकवून घ्या तिकडे.”